तुतीच्या पानांखाली

आमच्याकडे आईचं कुलचिन्ह मुलीकडे जातं. नाव, घर, तलवारी सगळं मुलग्यांचं. बाईच्या वाट्याला एवढंच. माझी आई प्रांतावर राज्य करणाऱ्या घराण्यातली. तिच्या काळ्या लाखेच्या मांडणीवर सोन्यात तुतीची तीन पानं होती. ती मांडणी लग्नात मला मिळाली आणि उद्या माझ्या लेकीबरोबर, फुकीबरोबर, तिच्या सासरी जायची होती.

रुखवत पाहायला शेजारणी येणार, म्हणून मी ती कोठीतून काढून उन्हाजवळ ओढली. पुसता पुसता हात थांबला. पानांच्या मधून दोन मिशा डोकावत होत्या. नीट पाहिलं तर पंखही दिसले. आमच्या पानांखाली दुसऱ्याच कुणाच्या कुळाचं फुलपाखरू होतं.

लाख जुनी झाली की काळेपणा विरतो आणि झाकलेलं वर येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आईची मांडणी तिच्यासाठीच घडवलेली. तिच्यात झाकण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात माझा भाऊ गेन्शिरो भाचीच्या लग्नासाठी साके मद्याचं पिंप घेऊन आला.

"दादा, हे फुलपाखरू कुणाचं?"

त्यानं वाकून पाहिलं. "ऊन फार आहे. आत सरकव, नाही दिसणार."

"मी विचारतेय काय, तू सांगतोयस काय."

"पलीकडच्या प्रांतातलं एक घराणं बुडालं, त्यांचं सामान विकायला निघालं होतं. त्यातलीच ही, वर आपली पानं काढून घेतली. चांगली वस्तू आहे, तोयो. इतकी वर्षं कळलं का तुला?"

"आणि आईची?"

तो पिंप कोपऱ्यात सरकवायला लागला. माझं मलाच कळलं. गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या, सुएच्या लग्नात अशीच मांडणी होती. खरं तर तिच्यावर वहिनीचं चिन्ह हवं. दादा म्हणाला होता, आईची आठवण म्हणून तुझ्यासारखीच नवी करून घेतली. मला भरून आलं होतं. उचलायला हात लावताना मी चेष्टाही केली होती, "दादा, नक्कल अस्सलपेक्षा जड झाली रे." तो पोट धरून हसला होता.

"केसानं गळा कापलास," मी म्हणाले.

"माझ्यावर कशाला चिडतेस? माझं तेव्हा घरात काही चालत नव्हतं. आईनंच करायला सांगितलं. मुलगी परक्यांची होते, चीज आपल्या घरात राहू दे, म्हणाली."

निरोपाच्या वेळी आईनं याच मांडणीवर हात ठेवला होता. माझा जीव आहे यात, जप, म्हणाली होती. रडलीही होती. दादाशी भांडता तरी येत होतं. आईशी आता कुठे जाऊन भांडू?

"कारागिराकडे पाठवतो," दादा म्हणाला. "पुन्हा कित्येक वर्षं कुणाला कळणार नाही."

"फुकीच्या मुलीच्या लग्नापर्यंत. छान आहे."

फुकी दारात येऊन उभी राहिली. "आई, हीच ना आजीची?"

हो म्हणणं फार सोपं होतं. माझ्या आईनं तेच केलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "आजीची सुएकडे आहे. मला तिनं दिलीच नाही. ही कुण्या दुसऱ्याच बाईची. न्यायची तर हे माहीत असून ने."

फुकी खाली बसली. फुलपाखरावरून तिनं हळूच बोट फिरवलं.

"मग त्या बाईच्या मुलीला काय मिळालं असेल गं?"

बाहेर शेजारणींच्या खडावा वाजल्या. दादा मांडणी आत ढकलायला उठला. मी त्याचा हात बाजूला केला आणि ती उन्हातच राहू दिली.