असता तर

टर्नर आणि कंपाउंडर यांचं भांडण एका ट्रॉफीवरून होतं, आणि ती ट्रॉफी दोघांपैकी कोणी कधी हातातही घेतलेली नव्हती. यावरून दोघांच्या डोक्याची कल्पना यावी. एक जण कारखान्यात लेथवर आयुष्यभर लोखंड कातत राहिला, दुसरा दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधत राहिला, पण दोघांचा जीव अडकलेला मोटारसायकलच्या शर्यतीत. आताच्या शर्यतीत नव्हे हं. आताच्या शर्यतींना टर्नर पिठाच्या गिरण्या म्हणतो. सगळ्यांचा आवाज एकसारखा, आणि पडलं की पोरगं कपडे झटकून उभं. ते एक मात्र बरं झालं, एवढं तो कबूल करतो.

त्यांच्या वेळची ग्रां प्री टू-स्ट्रोकची. शहराबाहेरचा रस्ता एक दिवस बंद करायचे, झाडांना आणि खांबांना गवताचे भारे बांधायचे, आणि त्याला सुरक्षा म्हणायचे. निशाण पडेपर्यंत इंजिनं बंद. निशाण पडलं की प्रत्येकाने आपली गाडी ढकलत पळायचं आणि पळता पळता उडी मारून बसायचं. आधी नुसते बुटांचे आवाज. मग कुठेतरी एक इंजिन धरायचं, मग दुसरं, आणि मग असा कल्लोळ उठायचा की बांधावर बसलेल्यांच्या छातीत घुमायला लागायचं. वर जळक्या एरंडेलाचा वास, कारण त्या गाड्यांच्या तेलात एरंडेल असे. शर्यतीनंतर कितीतरी दिवस कंपाउंडर दवाखान्यातली एरंडेलाची बाटली उघडून डोळे मिटून हुंगत बसे. पेशंट एकमेकांकडे बघत आणि गुपचूप आपली बाटली भरून घेत.

कंपाउंडरचा माणूस होता लालटोप्या. लाल हेल्मेट घालायचा म्हणून लालटोप्या. मुलखाचा धसमुसळा, वळणात शिरला की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. टर्नरचा होता मास्तर. पट्टी ठेवून रेघ मारावी तशी गाडी न्यायचा, ना आरडाओरडा ना घाई. खरी नावं दोघांना पाठ होती, पण घरच्या माणसाला कोणी खऱ्या नावाने हाक मारतं का?

त्यांची बसायची जागा ठरलेली, पाण्याच्या टाकीखालच्या वळणावरचा बांध. दुपारी कंपाउंडरची बहीण तिथे डबा घेऊन यायची. शर्यत बघता बघता टर्नर तिच्याकडेही बघायला लागला आणि कंपाउंडर त्याचा मेहुणा होऊन बसला. पण दोस्ती आधीची, त्यामुळे बोलणं अरे-तुरेचंच. ‘भावोजी’ कंपाउंडर फक्त खिजवायचं असलं की म्हणे.

मग ते वर्ष आलं. लालटोप्या गुणांमध्ये पुढे, मास्तर त्याच्या मागे, दोनच शर्यती उरलेल्या, आणि त्यातली एक यांच्या शहरात. लालटोप्या टाकीखालच्या वळणात शिरला तो बाहेर पडलाच नाही. गवताचा भारा होता, पण भाऱ्यामागे खांब होता. हे दोघांच्या डोळ्यांदेखत झालं. पुढे शेवटची शर्यत जिंकून मास्तर जगज्जेता झाला, सबंध आयुष्यात एकदाच. टर्नरने मासिकातला फोटो कापून फ्रेम करून भिंतीवर लावला. कंपाउंडर घरी आला, फोटोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “लालटोप्या असता तर हा फोटो नसता.”

झालं! टर्नरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “असता तर, नसता तर! आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं,” तो म्हणाला. हे त्या दिवशी सुरू झालं आणि चाळीसएक वर्षं चाललं. लग्नाकार्यात, पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. एकाने ‘असता तर’ म्हणायचं आणि दुसऱ्याने आत्याबाईच्या मिशा काढायच्या. कंपाउंडरची मुलगी लहान असताना टर्नरच्या बायकोच्या, म्हणजे तिच्या सख्ख्या आत्याच्या, तोंडाकडे टक लावून बघायची. तिला वाटायचं, हे सगळं आत्याबद्दलच चाललंय.

ती मुलगी आता संसारी झाली आणि म्हातारा कंपाउंडर तिच्याकडे राहायला गेला. बायको मागेच गेलेली, आणि त्याला विसर पडू लागलेला. आधी चष्मा विसरला, मग रस्ते विसरला, मग जावयाला दवाखान्यातला पेशंट समजायला लागला. टर्नर आणि त्याची बायको दर रविवारी चार वाजता जात. बहिणीला तो ओळखे. टर्नरलाही ओळखे, पण एका रविवारी त्याने विचारलं, “काय झालं रे आज? लालटोप्या कितवा आला?”

टर्नर पडला लेथवरचा माणूस. सुताचा फरक त्याला खपत नसे. त्याने सांगून टाकलं, की अरे, तो कधीच गेला, आपल्यासमोर गेला. कंपाउंडरने ते असं ऐकलं, जसं काही आत्ताच झालंय. हाताने तोंड झाकून तो लहान पोरासारखा रडला. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच रडणं. त्याच्या पुढच्याही. शेवटी भाचीने दारात गाठून हळूच सांगितलं, “आतोबा, राग मानू नका, पण रविवारी येत जाऊ नका. बाबा सोमवारी जेवत नाहीत.”

घरी आल्यावर बायकोने आधी चहा टाकला. मग चहाचा कप पुढ्यात ठेवून म्हणाली, “अहो, माझा भाऊ दर रविवारी तेच मरण बघतोय. एक शर्यत जिंकू द्या की त्याला. तुमचं काय जातंय?”

काय जातंय! टर्नरने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. लालटोप्या जिवंत राहिला तर मास्तरच्या पदरात काय उरतं? दुसरा नंबर, शून्य ट्रॉफ्या. मास्तरने आयुष्यात एकच गोष्ट मिळवली होती आणि टर्नर ती इतकी वर्षं एकट्याने राखत आला होता. आता तुम्ही म्हणाल, कोण कुठला मास्तर, कधीचा तो काळ, यात जीव जाण्यासारखं काय आहे? पण जीव जात होता, हे खरं. जवानीत त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं दुसरं काय होतं? आठवडाभर कारखाना आणि रविवारी मास्तर.

तरीही पुढच्या रविवारी तो गेला. कंपाउंडरने विचारलं, आणि टर्नरने घसा साफ करून एक अख्खी शर्यत रचून सांगितली. ऊन कसं होतं, कोणाची साखळी तुटली, लालटोप्या कसा चौथ्यावरून वर आला. कंपाउंडरचा चेहरा खुलला. मग कितवा आला, त्याने विचारलं. दुसरा, टर्नर म्हणाला, मास्तर पहिला.

परतताना बायको रस्त्यात थांबली. “मेलेल्या माणसालासुद्धा तुम्ही दुसराच आणता?” एवढंच बोलली आणि पुढे चालायला लागली. टर्नरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर मात्र लालटोप्या जिंकत गेला. पावसात जिंकला, फुटक्या सायलेन्सरवर जिंकला, एकदा तर पेट्रोल संपलं तेव्हा गाडी ढकलत रेषेपार झाला. टर्नर आठवडाभर मनात शर्यत घोटून ठेवी. ऐकताना कंपाउंडर डोळे मिटून घशातल्या घशात इंजिन चालवी आणि पांघरुणाखाली त्याच्या पायाचा अंगठा गिअर बदलत असे. संध्याकाळपर्यंत तो सगळं विसरे, पण सोमवारी पोटभर जेवे. भाची आता रविवारी दारात वाट बघत उभी राहू लागली.

फक्त एका गोष्टीत टर्नर हातचं राखून होता. शर्यत संपली की कंपाउंडर विचारी, “मग चॅम्पियन कोण?” आणि टर्नर दर वेळी म्हणे, “अजून एक शर्यत बाकी आहे.” शर्यती कितीही दिल्या तरी ट्रॉफी त्याच्याने देववेना. मनाची समजूतही त्याने घालून ठेवली होती, की एक बाकी आहे तोवर हा माणूसही राहील. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं काय होतं ते बायकोला ठाऊक होतं.

थंडीत कंपाउंडरच्या छातीत कफ झाला आणि हटेना. डॉक्टरांनी भाचीला बाजूला घेऊन सांगितलं, ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलवा. तो दिवसही नेमका रविवारच होता.

टर्नर उशाशी बसला, बायको पायथ्याशी. कंपाउंडरचे डोळे मिटलेले, श्वास घरघरत होता. आज काही हा विचारणार नाही, असं टर्नरला वाटलं. तेवढ्यात कंपाउंडरचे ओठ हलले. “आज शेवटची ना रे?”

टर्नरने बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत होती. “हो,” तो म्हणाला, “आज शेवटची. आपल्याकडेच होती. आपण टाकीखाली बसलो होतो.”

मग त्याने सांगायला घेतलं. निशाण पडलं. आधी नुसते बुटांचे आवाज. एकेकाचं इंजिन धरत गेलं आणि लालटोप्याचं मात्र धरेना. कंपाउंडरच्या कपाळावर आठी आली आणि बायकोने नवऱ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं. पण सहावा-सातवा धक्का दिल्यावर धरलं. सगळ्यात शेवटी सुटला आणि एकेकाला मागे टाकत आला. टर्नर सावकाश सांगत होता, कुठलीही घाई नव्हती. कोणाला कुठल्या झाडापाशी गाठलं, कोणाला पुलावर. अखेरच्या फेरीत पुढे एकटा मास्तर उरला, हातभर अंतरावर. पुढे मास्तर, मागे लालटोप्या, आणि समोर टाकीखालचं वळण.

इथे टर्नर अडला. इतक्या वर्षांत तो मनानेसुद्धा त्या वळणात शिरला नव्हता. गवताचा भारा दिसत होता, मागचा खांबही. पांघरुणातून कंपाउंडरचा हात बाहेर आला आणि त्याने टर्नरचं मनगट धरलं. बोटांत एवढी ताकद अजून कुठून आली कोणास ठाऊक.

“बाहेर आला का रे?”

“आला.”

“नीट?”

“अगदी नीट आला. गवताच्या काडीलाही धक्का लागला नाही.” टर्नरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसतही नव्हता. “बाहेर पडल्या पडल्या मास्तरला मागे टाकलं आणि तसाच सरळ रेषेपर्यंत गेला. तोच चॅम्पियन. लालटोप्या.”

सुटला एकदाचा तो शब्द. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. टर्नरला राहवेना. त्याही घटकेला तो पुटपुटला, की मास्तरचा एक सिलिंडर शेवटच्या फेरीत बंद पडला होता, हेही खरं आहे.

कंपाउंडरने डोळे उघडले. टर्नरकडे नीट पाहिलं, कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं इतकं नीट. “वाईट वाटून घेऊ नको,” तो म्हणाला. “सिलिंडर गेला नसता तर तुझाच होता, भावोजी.”

त्या ‘भावोजी’त खिजवणं जराही नव्हतं. बायको उठून बाहेर गेली. टर्नर तसाच बसून राहिला, मनगट त्या हातात ठेवून.

कंपाउंडरचा तो आठवडा काही निघाला नाही. सगळं उरकल्यावर नातेवाईक पांगले, आणि एका दुपारी सायकलवाला टर्नरच्या घरी भेटायला आला. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तरुणपणी तोही बांधावर यांच्यासोबत असायचा. बांधावरचे आता हे दोघेच उरले होते. सायकलवाला चांगला माणूस, पण सांत्वन करणं त्याला जमत नसे. तो खुर्चीत चुळबुळत राहिला, मग त्याची नजर भिंतीवर गेली. काय दिवस होते ते, तो म्हणाला. ती गर्दी, तो वास, कानात दोन-दोन दिवस शीळ वाजायची. आणि मग टर्नरला बरं वाटावं म्हणून मुद्दाम म्हणाला, “काही म्हण, त्या वर्षीचा खरा चॅम्पियन तुझा मास्तरच.”

हेच ऐकायला टर्नरचे कान आसुसलेले होते, उलट उत्तर न येता. आज उलट उत्तर देणारा नव्हता. सायकलवाल्याचं वाक्य खोलीत तसंच पडून राहिलं, आणि टर्नरला ते सहन होईना.

“लालटोप्या असता तर हा फोटो नसता,” तो म्हणाला.

आत ओट्याशी बायकोचा हात थांबला. सवयीने ती आत्याबाईच्या मिशांची वाट बघत उभी राहिली. पण त्या काढणारा आज दुसऱ्याची बाजू घेऊन बसला होता, आणि त्याला उत्तर द्यायला कोणीच नव्हतं.