मधले एकवीस दिवस

सुंदरराव गुरुजींनी दुधाची बरणी ओट्यावर इतक्या जोरात ठेवली की झाकण निसटून पायरीवरून घरंगळत खाली गेलं. दूध सांडलं नाही, कारण बरणी रिकामीच होती.

"पुन्हा तेच!" ते म्हणाले. "काल अर्धा तास मी काय सांगत होतो?"

"तुमी सांगितलं, आमी ऐकलं," सिदू न्हावी म्हणाला. "पर माणूस खरा असंल तर बोलायला काय जातं त्याचं? तोंड काय भाड्यानं आणलंय का?"

ओट्यावरची माणसं हसली. सकाळचे साडेसात झाले होते. दूध संस्थेसमोर एरवी या वेळी कॅनांची रांग लागायची. या उन्हाळ्यात दहा-बारा घरचे लोटे तेवढे येत, पण माणसं सवयीनं जमत आणि ऊन पायावर येईपर्यंत उठत नसत. समोरच्या माळावर संस्थेची चारा छावणी होती. तिच्या पलीकडे, जिथं अकरा जनावरं एकाच दुपारी पडली आणि तिथंच पुरली गेली, तिथली माती अजून ताजी दिसत होती.

छावणीत चारा तयार करणारा, कारभारी नावाचा गडी पाच दिवसांपासून पोलीस कोठडीत होता. ओला चारा कुठंच उरला नव्हता, म्हणून वाळल्या कडब्याच्या कुट्टीवर युरियाचं पाणी शिंपडून ती कसदार करायची, असं सरकारी पत्रक आलं होतं. ते काम कारभारीकडं होतं. जनावरं युरियानं मेली, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. त्यातच, आठवडाभर आधी टँकरच्या पाळीवरून भांडण झालं तेव्हा कारभारी चेअरमन अर्जुनरावांना चारचौघांत म्हणाला होता, "तुमच्या बैलांकडं बी बगतो एकदा." अकरांत अर्जुनरावांची बैलजोडी होती. पोलिसांनी विचारलं, तर कारभारी एवढंच म्हणाला, "मला काय सांगायचं न्हाई." तेव्हापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"घटनेचं विसावं कलम," गुरुजींनी बोट वर केलं. आपला आवाज चिरकतोय हे त्यांना कळत होतं. "ज्याच्यावर आरोप आहे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. गप्प राहणं म्हणजे कबुली नव्हे. आठवीच्या पुस्तकात होतं हे. सिदू, तू माझ्याच वर्गात होतास."

"व्हतो की. पर त्या तासाला तुमी मला अंगठे धरून भाईर उभं केलतं."

या वेळी हसू जरा जास्तच झालं. अर्जुनराव मात्र हसले नाहीत. ते खुर्चीवर बसून फॅटच्या यंत्राची नळी पुसत होते. बैल गेल्यापासून त्यांची दाढी वाढली होती.

"गुरुजी," ते हळूच म्हणाले, "मुकी जनावरं गेली. पोट फुगून पाय झाडत होती, तरी काय व्हतंय ते सांगता येत न्हवतं त्यांना. ह्याला सांगता येतं, अन् ह्यो सांगंना. मग तुमचं कलम कुणासाठी म्हणायचं?"

गुरुजींना उत्तरं नेहमी घरी गेल्यावर, आंघोळ करताना सुचत. एक गोष्ट मात्र ओठांवर आली होती. कारभारी ते सरकारी पत्रक घेऊन आपल्याकडं आला होता. पत्रकातली भाषा समजेना, सोपं करून लिहून द्या म्हणाला. जहर घालणारा माणूस कधी असं करतो का? पण हे सांगायचं म्हणजे आपलीच बढाई. त्यांनी ते गिळलं, पायरीवरचं झाकण उचललं आणि अर्धा लिटर दूध घेऊन निघाले.

वाटेत ते स्वतःशीच पुटपुटत राहिले. चौतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. एकाही पोरानं तो विषय कधी मनावर घेतला नाही. गुण मिळवून देणारा विषय, एवढीच त्याची किंमत. आणि आता कोठडीत, चार पोलिसांसमोर, भीमनगरातला एक जण तो धडा जसाच्या तसा आठवून बसला होता. याचा आनंद व्हावा हे बरं नव्हे, हे त्यांना कळत होतं. तरी तो होत होता.

वेशीजवळ आपल्या घरासमोर गहिनीनाथ वकील मोटारसायकलला किक मारत होता. गुरुजींनी जाऊन सरळ हँडल धरलं.

"वकीलपत्र दिलंस ना?"

"दिलं. हळू बोला गुरुजी." गहिनीनाथनं घराकडं पाहिलं. "तालुक्याच्या वकिलांनी ठराव केलाय, ह्या केसला कुणी उभं राहायचं नाही. मी उभा राहिलो, तर परवापासून माझ्यासंगं कुणी चहा घेत नाही. अन् घरी वेगळंच. आमच्या आईची गाय गेली त्या अकरांत. मला वाढताना ताट आदळती ती."

"ठराव घटनेच्या वर नसतो."

"हे ताट आदळणाऱ्याला सांगा."

"गहिनीनाथ!"

"मग काय करू? तो मलाही काही सांगंना. स्वतःच्या वकिलाला!" गहिनीनाथनं गाडी स्टँडवर लावली. "नुसतं जनावरांचं कलम असतं तर जामीन कवाच झाला असता. संस्थेनं विश्वासानं हातात दिलेल्या मालानं ह्यानं मुद्दाम घात केला, असं वरचं कलम जोडलंय. मुद्दाम नव्हतं, चुकून झालं, एवढं दाखवता आलं तर उद्याच्या तारखेला सुटतो तो. पण कसं चुकलं? किती घालायचं, कसं घालायचं, कुणी सांगितलं? कायतरी पाहिजे ना मला. कोर्टापुढं नुसतं उभं राहू का?"

"गप्प राहणं हा त्याचा हक्क आहे."

"हाय की. तो हक्क घेऊन तो आत बसलाय, अन् मी भाईर डोकं धरून बसलोय."

गुरुजी घरी आले ते धुसफुसतच. विमलबाईंनी बरणी हातातून घेतली.

"आज किती जणांना कलम पाजलं?"

"कोणाला काही समजून घ्यायचंच नाही."

"मग सांगता कावून रोज उठून?"

गुरुजी माजघरात पुस्तक उघडून बसले. दोन पानं वाचून झाल्यावर लक्षात आलं, आपण एकच पान दोनदा वाचलं.

दुपार कलताना दारात सरूबाई उभी राहिली. कारभारीची बायको. ठाण्यावर भाकरी पोचवून ती नेकनूरच्या गाडीनं परतली होती, फाट्यापासून पायी आली होती. हातात रिकामा डबा होता. विमलबाईंनी तिला आत बसवलं आणि तांब्या काठोकाठ भरून दिला. त्या दिवसांत तांब्या एवढा भरून कोणी कोणाला देत नव्हतं. सरूबाईनं तो सगळा प्याला, मग डब्याच्या खालच्या पुडातून एक घडी केलेला कागद काढला.

"काल हळूच म्हणले, चुलीमागं कोनाड्यात कागद हाय, जाळून टाक. कुणाला दावू नको. गुरुजींना तर अजाबात न्हाई."

"मग माझ्याकडं कसा आणलास?"

"मला वाचता येत न्हाई, पर अक्षर वळखतं. पोरीच्या वहीवर तुमी नाव घातलं व्हतं, तसंच हाय ह्ये. दोनदा चुलीपाशी नेला. हात धजंना. म्हणलं, ज्यानं लिवलं त्यालाच इचारावं, जाळण्यासारखं काय हाय यात."

जुन्या कॅलेंडरचं पान होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर ठळक, गोल अक्षरांत चार ओळी होत्या. गुरुजींनी त्या मनातल्या मनात वाचल्या. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचल्या.

"मोठ्यानं वाचा की," सरूबाई म्हणाली.

ते वर्गात वाचावं तसं वाचू लागले.

"एक. शंभर किलो कुट्टीला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात विरघळवून घ्यावा. दोन. कुट्टीचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाणी सारखे शिंपडावे व तुडवावे. तीन. वरून ताडपत्रीने घट्ट झाकावे." इथं ते थांबले. "चार. उघडून थोडा वेळ वारा लागू द्यावा. मग जनावरांना द्यावे."

"असंच केलं त्यांनी. मी व्हते की संगं. सांजच्याला झाकलं, सकाळी उघडलं, वारं लागू दिलं. मंग घातलं." सरूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. "यात वंगाळ काय हाय, गुरुजी?"

गुरुजी उठले. छापलेला कागद ते कधीच टाकत नसत. ते सरकारी पत्रकही त्यांनी ठेवलं होतं, वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून. सकाळपासून ते त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी ते उलगडलं. मधल्या परिच्छेदात एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती, त्यांनीच ओढलेली. झाकलेला चारा एकवीस दिवस हवाबंद अवस्थेत मुरू द्यावा, त्यापूर्वी जनावरांना देऊ नये.

आता सगळं आठवलं. कारभारी उंबऱ्याशी बसला होता. तिसरी ओळ लिहून झाली आणि गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. विमलबाई ओरडल्या, ते घागर घेऊन पळाले, कारभारीही दोन कळश्या घेऊन त्यांच्याबरोबर धावला. पाणी भरून, धापा टाकत परत आले आणि चौथा आकडा घालून पुढं लिहू लागले. कागद देताना ते म्हणालेही होते, "यात आहे तसंच करायचं. डोकं चालवायचं नाही."

आतल्या खोलीत विमलबाईंनी चहासाठी स्टोव्ह पेटवला होता. त्याचा फरफर आवाज येत होता. गुरुजींच्या हातात दोन कागद होते. ते त्या आवाजाकडं तोंड करून उभे राहिले, आणि आपण कुठं पाहतोय हे लक्षात येताच वळले.

"चूक कारभारीची नाही," ते म्हणाले.

"ते मला ठावंच हाय. मंग कुणाची?"

गुरुजींनी तोंड उघडलं. शब्द तयार होते, मोजून चार-पाचच होते. पण त्यांनी नुसती पत्रकाची घडी घातली. सरूबाई वाट पाहत राहिली. विसावं कलम कारभारीच्या ध्यानात तरी होतं का, कोण जाणे. आठवीला तो जवळजवळ वर्षभर गुरांमागंच गेला होता.

"कागद ठेवून जा," शेवटी ते म्हणाले.

"जाळणार न्हाई ना?"

"नाही."

ती उठली. डबा काखेत घेऊन उन्हात निघून गेली. गुरुजींनी टोपी घातली. विमलबाईंनी आणलेल्या चहाकडं त्यांनी पाहिलं नाही.

गहिनीनाथ नुकताच तालुक्याहून परतला होता. ओसरीवर लोखंडी टेबल मांडून फायली लावत होता. आत त्याची आई छबुबाई भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. गुरुजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं, मग ते उचलून तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधल्या जागेवर ठेवलं.

गहिनीनाथनं दोन्हीकडं पाहिलं.

"हे कुणी दिलं?"

"सरूबाईनं. त्यानं तिला जाळायला सांगितलं होतं."

"म्हणून तो सांगंना..." गहिनीनाथ थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "गुरुजी, मला हे दाखवायला नको होतं तुम्ही. हे उद्या कोर्टात गेलं तर तो सुटंल, खरं हाय. पण परवा पोलीस तुमच्या दारात येतेल. अन् गावाचं काय? अर्जुनराव, सिदू, सगळे? ह्या वयात?"

"अक्षर माझंच आहे."

"कुणी ओळखणार नाही म्हणलं तर?"

"निम्म्या गावाला मीच गिरवायला लावलंय ते."

गहिनीनाथनं फायलीच्या पुठ्ठ्यावर कारभारीचं नाव लिहिलं होतं. त्या नावावर त्याचा हात आपोआप गेला.

"तुमच्यावर कुणी सक्ती करू शकत नाही," तो म्हणाला. "कागद उचला, घरी जा. मी काही पाहिलं नाही. तेच कलम तुम्हालाही लागू होतं, गुरुजी. तुम्हीच रोज सांगता."

"ठाऊक आहे मला. आठवीला तुला मीच शिकवलंय."

त्यांनी दोन्ही कागदांची कडेला कड जुळवली, फायलीच्या दोऱ्या सोडल्या, कागद आत सरकवले आणि दोऱ्या पुन्हा बांधल्या. गाठ नीट बसेना. दोनदा बांधावी लागली.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. छबुबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती. तिनं किती ऐकलं होतं, कळायला मार्ग नव्हता. ती गुरुजींकडं पाहत होती. गहिनीनाथ फायलीकडं पाहत होता.

गुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"अरे, असे गप्प काय बसलात?" ते वैतागून म्हणाले. "बोला की काहीतरी."