खंडेनवमीचा नारळ

गौरम्मानं खंडेनवमीला नारळ फोडला तो कॉम्प्युटरवर नव्हे, कॉम्प्युटरपुढं. ही गोष्ट ती गेले चार दिवस स्वतःलाच बजावत होती. पण मनाला कुठली वकिली पटते? पाणी उडालं होतं ते उडालंच होतं.

बाळीवेशीतल्या त्यांच्या घरात त्या दिवशी सालाबादप्रमाणे सगळ्या हत्यारांची पूजा झाली. विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, नवऱ्याचा म्हणजे सिद्धारामचा दाभण, मुलाची, म्हणजे महेश्वरची, मोटारसायकल. एकेकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. शेवटी पाळी आली सुनेच्या कॉम्प्युटरची. सून भुवनेश्वरी त्यावर चादरींचे नकाशे काढायची आणि ते नकाशे मागावर चढायचे. पेटी तापते म्हणून तिची एका बाजूची पत्री उन्हाळ्यात काढून ठेवलेली, ती अजून लावलेली नव्हती. गौरम्माला वाटलं, बरं झालं, गाभाऱ्याचं दार उघडंच आहे. तिनं पुढं दगड ठेवला, नारळ आपटला आणि रीतीप्रमाणे पाणी शिंपडलं. चार थेंब आत गेले. दिसले तेवढे तिनं पदरानं टिपून घेतले.

दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर भुवनेश्वरीनं बटण दाबलं. टप् असा आवाज आला, केस जळाल्यासारखा वास सुटला आणि पडदा काळा पडला.

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं पेटी सुरू करून दिली, पण सांगितलं, “हार्डडिस्क गेली. म्हणजे ह्याची आठवणच गेली म्हणा की.”

त्या आठवणीत भुवनेश्वरीचं सहा वर्षांचं काम होतं. जुनं बरंचसं तिनं पाडव्याला दुसरीकडं उतरवून ठेवलं होतं. नव्हता तो एकच नकाशा, चार महिने खपून केलेला. कुमारशेठ नावाचे मागवाले दिवाळी झाली की तो मागावर लावणार होते आणि जानेवारीत गावात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत ती चादर विकायला येणार होती. आजवर भुवनेश्वरीचे नकाशे दुसऱ्यांच्या नावावर खपले. ह्या चादरीला पहिल्यांदा तिच्या नावाची चिठ्ठी लागणार होती. नकाशा कसला, ते मात्र तिनं घरात कुणालाच दाखवलं नव्हतं.

दसऱ्याचं सोनं वाटताना सून हसली, पण ते हसणं ओठांच्या खाली उतरलं नाही. गौरम्मानं ते बघितलं. सांगावं असं तिला चारदा वाटलं आणि चारही वेळा ती चहा ठेवायला उठली. सून चांगली असली की तिच्यापुढं चूक कबूल करणं फार जड जातं. भांडखोर असती तर केव्हाच सांगून मोकळी झाली असती.

चौथ्या दिवशी भुवनेश्वरी हार्डडिस्क रुमालात गुंडाळून नवी पेठेत निघाली, तेव्हा गौरम्मानंही चप्पल पायात घातली.

“अत्ती, तुम्ही कशाला उन्हात?” सासूला ती कन्नड रीतीनं अत्तीच म्हणायची.

“मला दोरा घ्यायचाय,” गौरम्मा म्हणाली. घरात दोऱ्याची अकरा रिळं होती.

बंद पडलेल्या हार्डडिस्कमधलं काम परत काढून देणाऱ्या जोतीरामचं दुकान तिथं एका जिन्याखाली होतं. मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नसे, म्हणून प्रत्येक गिऱ्हाईक त्याला नमस्कार करूनच आत येतं असं लोक म्हणायचे. तो पन्नाशीचा, कपाळावर भिंग बांधलेला, बोलायला मोकळा.

“बसा मावशी. स्टूल हालतंय, पण पाडत न्हाय.” त्यानं हार्डडिस्क हातात घेऊन उलटीसुलटी केली, नाकाजवळ नेली. “जळकी वाटलालीय. लाईट कमीजास्त झाली होती का?”

“असेल,” भुवनेश्वरी म्हणाली. “बटण दाबलं आणि टप् झालं.”

“पडली होती?”

“नाही हो.”

“पाणीबिणी?”

“छे. पाण्याचा तांब्यासुद्धा मी त्या खोलीत नेत नाही.”

गौरम्मा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली.

“मग लाईटीचंच काम,” जोतीराम म्हणाला. “खालची सर्किटची पट्टी वरनं तर स्वच्छ दिसलालीय. एकदा माझ्या मशीनवर लावून बघतो. दोन मिनिटं वीज देतो, म्हणजे आतली तबकडी फिरती का कळंल.”

त्यानं वायर जोडली. अंगठा बटणावर गेला.

“थांब बाबा!” गौरम्मा उठली तशी स्टूल आडवं झालं. “दाबू नको! पाणी गेलंय त्यात. नारळाचं.”

जोतीरामचा अंगठा तसाच वर राहिला. भुवनेश्वरी वळली.

“अत्ती?”

“खंडेनवमीला. पूजा केली की मी त्येची. तू आंघोळीला गेलतीस. दार उघडं हुतं, शिंपडलं. चारच थेंब गं. पुसलं बी. मला काय ठावं देवाचं पाणी बी आत जाऊन असं करतंय!” तिनं पडलेलं स्टूल उभं केलं. “चार दिस झालं, घास गिळंना झालाय.”

 मग जोतीरामनं वायर काढली आणि हात जोडले.

“मावशी, आता सांगितलं ते लई चांगलं केलं. ओल्या जागी पुन्हा वीज दिली असती, तर तबकडीवरचं लिहिलेलं वाचणारं आतलं टोक जळलं असतं. मग पुण्याला न्या न्हायतर काशीला.”

त्यानं बारीक स्क्रू काढून खालची हिरवी पट्टी उचलली. आतली बाजू समोर आली आणि भिंग लावायचीही गरज उरली नाही. पट्टीवर चिकट पिवळसर डाग होता, एक काळा ठिपका जळून फुटला होता आणि डागाच्या कडेनं तीन मुंग्या मरून पडल्या होत्या.

“घ्या. ह्यांनी प्रसाद खाल्ला.”

भुवनेश्वरीला हसू फुटलं. चार दिवसांतलं पहिलं. गौरम्मानं डोळ्याला पदर लावला, पण पदराआडून ती सुनेकडंच बघत होती.

“आता?” भुवनेश्वरीनं विचारलं.

“तबकडीची डबी बंद हाय, त्यात पाणी गेलेलं दिसत न्हाय. गेलीय ती पट्टी. दुसरी पट्टी लावायची. पण ती अगदी ह्याच जातीची पाहिजे, ह्याच नंबरची. शिवाय ह्या पट्टीवरची ही एक बारकी चिप काढून त्या पट्टीवर डाग देऊन बसवायची. ह्या डबीची कुंडली ह्या चिपमध्ये असती. दुसरीची कुंडली लावली की लग्न जमत न्हाय.”

“मिळेल का तशी पट्टी?”

जोतीरामनं मान हलवली. “आठ वर्षांचा माल हाय. दोन-तीन ठिकाणी फोन करून बघतो. मिळंल तेव्हा खरं.”

भुवनेश्वरीचा चेहरा पुन्हा उतरला. गौरम्मा मात्र विचारात पडली होती. आठ वर्षांपूर्वी, म्हणजे महेश्वरचं लग्न झालं त्या साली.

“भुवी, तवा आपण दोन कॉम्प्युटर घेतलते की. एक घरला, एक महेशच्या सुताच्या दुकानाला. एका दिवशी, एका दुकानातनं. दुकानातला बंद पडला मागच्या साली.”

“तो तर मामंजी भंगारात देणार होते.”

“देऊ दिला न्हाय मी. पूजलेली वस्तू भंगारात घालत्यात व्हय? माळ्यावर हाय.”

घरी येऊन त्यांनी शिडी लावली. सिद्धाराम खाली उभा राहून शिडी धरू लागला आणि तोंडानं जप करावा तसं बडबडू लागला. “तीस वर्षं सांगतोय, माळा रिकामा करा. पंखा हाय, इस्त्री हाय, माझ्या बापाचा कंदील हाय. उद्या मला बी पूजून वर ठेवशील.”

“तुमाला कोण पूजतंय,” वरून गौरम्माचा आवाज आला.

चादरीत गुंडाळलेली पेटी खाली उतरली. तिच्यावर शेवटच्या खंडेनवमीचं कुंकू आणि वाळून काडी झालेलं झेंडूचं फूल तसंच होतं. आतली डबी काढली, नंबर ताडून पाहिला. अक्षरही इकडचं तिकडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी पुन्हा त्या जिन्याखाली बसल्या. जोतीरामनं गरम हवेच्या बंदुकीनं ती चिप सोडवली. तांदळाच्या कणीएवढी होती. चिमट्यानं उचलताना तो श्वासही घेत नव्हता आणि त्याच्याबरोबर गौरम्माही घेत नव्हती. चिप नव्या जागी बसली, डाग दिला, स्क्रू आवळले.

“देवाचं नाव घ्या मावशी. पण नारळ नको.”

त्यानं बटण दाबलं. डबीतून बारीक घूं घूं आली, दूरवर माग चालल्यासारखी. पडद्यावर पिवळ्या पाकिटांची रांग उमटली. भुवनेश्वरीनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

“ते. शेवटचं. ते उघडा.”

नकाशा उघडला. पडदाभर रंगीत चौकोन, चौकोनात चौकोन, त्यांच्या कडांनी बारीक टाक्यांच्या ओळी. गौरम्मा बघत राहिली. मग स्टुलावरून पुढं सरकली.

“ही तर माझी वाकळ!”

श्रावणाच्या आधी भुवनेश्वरीनं गौरम्मानं चिंध्या जोडून शिवलेली अंथरायची वाकळ धुवायला म्हणून मागून नेली होती आणि तीन दिवसांनी न धुताच परत दिली होती. गौरम्मा तेव्हा मनात म्हणाली होती, शिकलेल्या पोरींना धुणं जमत नाही.

“जत्रेत पहिली चादर तुमच्या अंगावर घालून मग सांगणार होते,” भुवनेश्वरी म्हणाली.

गौरम्मानं पडद्याला बोट लावलं. “ह्यो कोपरा चुकलाय बघ. लाल चिंधी संपली म्हणून मी ह्यांच्या फाटक्या फेट्याचा हिरवा तुकडा लावलता. तू बी तसाच ठेवलास?”

“मग! सगळे कोपरे लाल केले तर ती कुणाचीही झाली असती.”

गौरम्मा स्टुलावरून उठली. तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथंच राहू दिला. जोतीरामनं नकाशाच्या दोन नकला करून दोन वेगळ्या डब्यांत भरल्या आणि एक माहेरी ठेवायला सांगितली.

निघताना गौरम्मा दारातून मागं फिरली. “ती जळकी पट्टी द्या की.”

“ती? काय करणार तिचं? मुंग्या हायत तिच्यावर.”

“पूजलेली हाय. टाकायची न्हाय.”

संध्याकाळी बाळीवेशीतल्या घरात सिद्धारामनं पुन्हा शिडी आणली. ह्या वेळी तो एक शब्दही बोलला नाही, नुसती शिडी धरून उभा राहिला.