आत्याबाईंचं गोणपाट

पोरीनं माझ्या ओढणीचं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळून वर दोन गाठी मारल्या होत्या. साडेतीन वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल कुठून आली, देव जाणे. मी संडासला गेले तरी ही दाराबाहेर उभी, आणि मी आतून सारखं बोलत राहायचं, "हाय गं बाई, हाय, आई इथंच हाय." जरा आवाज थांबला की दारावर धडाधड लाथा. असे आठ दिवस काढले मी. अजून दोन दिवस गेले असते तर मीच खुळी झाले असते.

आणि दोष कुणाचा म्हणाल, तर माझाच. पहिल्यापासून सांगते.

टाकळी रोडच्या आतल्या अंगाला आमचा दीड एकर मळा. मोगरा, गुलाब, कडेला थोडी मेथी-कोथिंबीर. आमचे हे, शेखर, भाजीचा टेम्पो घेऊन वाशीला जातात. आज गेले की परवा उगवणार. फुलं विकायचं काम माझ्या सासूबाईंचं, कुसाबाईंचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. पंचवटीत रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांची पंचवीस वर्षांची जागा. जागा म्हणजे काय, तर रस्त्याकडेचा चार फुटांचा तुकडा आणि त्यावर अंथरलेलं निळ्या काठाचं गोणपाट. तिथं गोणपाट हाच कायदा. ते टाकून माणूस चहाला गेलं, तरी दुसऱ्या कुणाची टोपली टेकवायची हिंमत नाही. गोणपाट आहे म्हणजे माणूस परत येणार.

सृष्टी, माझी पोरगी, त्याच गोणपाटावर वाढली. आत्याबाई पाणी आणायला उठल्या की तिला मधोमध बसवायच्या आणि दम द्यायच्या, "हलू नको हां. तू उठलीस की आपली जागा गेली." पोरगी मांडी घालून तशीच बसून राहायची. जाणारे-येणारे कौतुक करायचे, एखादी बाई हातावर पेढा ठेवायची.

चैत्रात आत्याबाई गेल्या. झोपेतच. सृष्टी उठायच्या आत त्यांना घरातून नेलं. शेजारणी म्हणाल्या, लेकरू लहान हाय, जिवाला लावून घेईल, काय सांगू नको. मग मी सांगून टाकलं, "आजी वणीला गेली, गडावर, देवीला." दर चैत्रात आत्याबाई गडावर जायच्याच आणि चार दिवसांनी नातीला हिरव्या बांगड्या घेऊन यायच्या. त्यामुळं पोरीला पटलं. ती बांगड्यांची वाट बघत बसली. चैत्र गेला, वैशाख गेला, तरी रोज एकदा फाटकापर्यंत जाऊन बघून यायची. मी बघितलं न बघितल्यासारखं करायचे.

आता पोरीला सांभाळणार कोण? बाजारात न्यायची तर माझं लक्ष गिऱ्हाइकाकडं गेलं की ही रस्त्यावर. घरी ठेवायची तर मळ्यात बिनकठड्याची विहीर. मे महिन्यात मी फुलांचा तोडा करत होते, मागं वळून बघते तर ही विहिरीच्या काठावर पालथी पडून आत वाकलेली. कशी धावले माझं मला माहीत. उचललं, आणि आधी एक सणसणीत ठेवून दिली. मग तिला पोटाशी धरून तिच्यापेक्षा मोठ्यानं मीच रडले. त्या दिवशी ठरवलं, जूनमध्ये हिला शाळेत घालायचं.

रस्त्यावरच एक बालवाडी आहे, दोन खोल्यांची. पायल मॅडम तिथल्या बाई. माझ्याहून वयानं लहान, पण पोरांशी बोलायचं तर खाली जमिनीवर बसणारी. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "ताई, दोन-तीन दिवस तुम्ही पण सोबत बसा. आणि जाताना तिला सांगून जा."

मी मनात म्हटलं, ही कालची पोरगी मला शिकवणार! आमच्या मळ्यांमधल्या सगळ्या बायका पोरांचा डोळा चुकवूनच निघतात. लेकरू झोपेत असतानाच तोडायला जायचं. सांगून निघालं की रडारड, रडारडीत उन्हं वर येतात, मोगरा उमलतो, आणि उमललेला मोगरा कुणी विचारत नाही. मीही तेच केलं. सृष्टी रंगीत ठोकळ्यांकडं बघत होती. मी हळूच उठले, चपला हातात घेतल्या आणि सटकले. घाईत फाटकाची कडी लावायची राहिली.

द्वारकेच्या चौकापर्यंत पोचले नाही तोच फोन. "ताई, सृष्टी तुमच्याबरोबर आहे का?"

 रिक्षातून उतरून उलटी पळत सुटले. टाकळी रोड तुम्हाला माहीत असेल, डंपर काय, ट्रॅक्टर काय. दिसेल त्याला विचारत होते, लाल फ्रॉकातली पोरगी बघितली का. शेवटी एक रिक्षावालाच समोरून आला, यादव नावाचा. त्याच्या शेजारी ही बसलेली, नाक गळतंय, एका पायात चप्पल नाही. "भाभी, द्वारकेच्या बाजूनं चालली होती एकटीच," तो म्हणाला.

"कुठं चालली होतीस गं?" मी ओरडले.

"तुला आणायला," ती म्हणाली. "मंग आजीला आणायला."

तेव्हापासून त्या गाठी. शेखरला फोन केला, तर म्हणे, "रडू दे चार दिवस, सगळ्यांचीच पोरं रडतात." मी म्हटलं, "या मग घरी आणि ऐका तुम्ही!" आणि फोन आपटला. दिवसा ती माझ्या अंगाला चिकटलेली, झोपेतही मूठ सुटायची नाही. आठ दिवस बाजार बंद. फुलं झाडावरच उमलून खाली पडत होती. मला तिचा राग यायचा, मग स्वतःचा यायचा, मग पुन्हा तिचा.

शनिवारी पायल मॅडमचा फोन आला. "ताई, सोमवारी परत आणा. पण यावेळी तिच्याशी खोटं बोलू नका, काहीही झालं तरी. नाहीच जमलं तर यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! तोवर विहीर थांबणार होती का?

रविवारी माळ्यावरून आत्याबाईंचं गोणपाट काढलं. त्यांच्या माघारी मी बाजारात ते अंथरायचे आणि घरी आणून ठेवायचे. अंगणात पसरलं आणि सृष्टीला म्हटलं, "हे कुणाचं?"

"आजीचं."

"गोणपाट टाकून माणूस गेलं की काय करतं?"

"परत येतं."

"शाब्बास! उद्या हे शाळेत टाकायचं. तू त्याच्यावर बसायचं. डबा होईल, गोष्ट होईल, मग प्रार्थना होईल. प्रार्थना झाली की आई दारात."

मला वाटलं, जमलं. पोरगी गोणपाटाच्या काठावरून बोट फिरवत होती. मग तिनं वर बघितलं.

"आजीचं गोणपाट हितं हाय. मंग आजी का नाय आली?"

आता काय सांगू? वणीला गेलीय, येईल, हे शब्द तोंडात तयार होते. पण ती मॅडम कानात बोलत होती. मी खाली बसले.

"आजी वणीला नाय गेली. मी खोटं बोलले तुला. आजी मेली, सृष्टी. ती आता नाय येणार."

"गोणपाट टाकून?"

"हो गं. तिला यायचं होतं, लय यायचं होतं. नाय येता आलं."

 ती दोन्ही मुठींनी मला मारायला लागली, तोंडावर, छातीवर, जिथं लागेल तिथं. मी मारू दिलं. अडीच महिन्यांचं देणं होतं माझ्याकडं तिचं. रडून रडून ती त्याच गोणपाटावर झोपली.

सोमवारी सकाळी तिनं स्वतःच्या हातानं गाठी सोडल्या. "तू येशील?"

"येईन."

"प्रार्थना झाली की?"

"प्रार्थना झाली की. आजीची शपथ."

पायल मॅडमनं त्या मळक्या गोणपाटाकडं बघितलं. खिडकीखाली जागा करून दिली. सृष्टी मांडी घालून बसली. या वेळी मी पळाले नाही. तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "येते हां." तिनं मान हलवली. रडली नाही. फाटकाबाहेर आल्यावर मीच भिंतीला धरून रडले, आणि कडी दोनदा तपासली.

बाजारात पोचले तर माझ्या जागेवर शेजारच्या फुलवाल्या अक्काबाईची क्रेटं मांडलेली. आठ दिवस मी नाही, आणि आज अंथरायला गोणपाटही नाही. मी म्हटलं, "अक्काबाई, उचला." ती म्हणाली, "कुठंय तुझं गोणपाट? मोकळी जागा दिसली, बसले." झालं, पेटले मी. पंचवीस वर्षं, माझी सासू, तुला लाज नाही, सगळं निघालं. गर्दी जमली. जिच्यापायी भांडत होते ती जागा शेवटी मिळाली, पण सव्वाअकराला निघायची ती मी निघाले पावणेबाराला. शाळा बाराला सुटते.

द्वारकेला एक कंटेनर आडवा झालेला. पुढं गाड्या, मागं गाड्या, सगळे हॉर्न वाजवतायत आणि जागचं कुणी हलत नाही. मॅडमला सांगावं म्हणून फोन काढला, तर बंद. रात्री चार्जिंगला लावायचाच राहिला होता. रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, काढा ना कुठून तरी. तो म्हणाला, "ताई, उडवू का गाडी?"

उतरले आणि पळत सुटले. बारा वाजून गेले होते. म्हणजे प्रार्थना झाली असणार. बाकीच्या आया आल्या असणार, एकेक पोर उठून जात असणार, आणि ही दाराकडं बघत असणार. आणि मग मला सुचलं ते सुचायला नको होतं. कालच मी तिला शिकवलं होतं की गोणपाट टाकून जे माणूस येत नाही, ते मेलेलं असतं. माझ्याच तोंडानं शिकवलं होतं. "अगं येतेय गं, येतेय," असं मी भर रस्त्यात मोठ्यानं बोलत पळत होते. चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच टाकली. देवी आई, तिला रडू दे, मला शिव्या देऊ दे, पण पुन्हा फाटकाबाहेर पडू देऊ नको.

फाटकाची कडी लावलेली होती. आत सगळं शांत. एक वाजायला दहा मिनिटं कमी.

पायल मॅडम व्हरांड्यात आली. तिचे डोळे लाल झाले होते. "ताई, किती फोन केले तुम्हाला! रडली नाही ती. एकदाही रडली नाही. पण उठेचना. डब्याला सगळे आतल्या खोलीत बसले, ही आली नाही. खेळायला नाही, पाणी प्यायला नाही. बाथरूमला चल म्हणून मी हात धरला, तर चावली मला."

मी आत गेले. खोली रिकामी. खिडकीखाली गोणपाट, आणि त्याच्या एका कडेला सृष्टी, मांडी घालून. उरलेल्या मोकळ्या जागेवर एक हात पसरून ठेवलेला, कुणी बसू नये म्हणून. डबा तसाच बंद. तिच्याखालचं गोणपाट ओलं झालं होतं, ओल पार निळ्या काठापर्यंत गेली होती. चार तास ती जागची हलली नव्हती. गोणपाट टाकलं की माणूस येतं, एवढंच मला आठवलं होतं. उठलं की जागा गेली, हा आत्याबाईंचा दुसरा नियम मी साफ विसरले होते. ती विसरली नव्हती.

तिनं माझ्याकडं बघितलं. चेहरा पांढरा पडलेला, ओठ सुकलेले.

"मी नाय उठले," ती म्हणाली. "उठले असते तर तू मेली असती."

 मी तशीच तिच्या शेजारी, तिनं राखलेल्या जागेवर, ओल्यात बसले. तिनं हात काढून घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी खरंच बसलेय का ते दाबून बघितलं.

"आई, आता उठू?"

"ऊठ गं माझे आई, ऊठ," मी म्हणाले. पण मलाच उठता येईना.