खंडेनवमीची तलवार

सकाळी मानसिंगरावांनी आजोबांची तलवार तेल लावून लखलखीत केली, तिला झेंडूचा हार घातला आणि घरच्यांना सांगितलं, "पाया पडा." संध्याकाळी तेच मानसिंगराव सोसायटीच्या ऑफिसात अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून शेजाऱ्याच्या कृपाणाचा न्याय करत होते.

कळंबोलीतल्या त्या इमारतीत गुरमुखसिंगचं एकच शीख घर. भाड्याची जागा, ट्रेलरचा धंदा, मुलगी दहावीत. लिफ्टमध्ये त्याचा सदरा वर सरकला, कमरेचं कृपाण दिसलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हत्यार, हत्यार' अशी हाकाटी झाली. राईचा पर्वत व्हायला कितीसा वेळ लागतो!

"उतरवून ठेव, नायतर रूम खाली कर," सेक्रेटरी धनेश टेबलावर हात आपटून म्हणाला. "इथं पोरं खेळतात. टेन्शन आमी घ्यायचं?"

"धनेशभाऊ, माझा जन्म कळंबोलीचा." गुरमुखसिंगनं हात जोडले. "मी अमृत घेतलंय, आमच्या धर्माची दीक्षा. हे अंगावरून उतरवता येत नाय. कुणावर उगारायला नाय, दुबळ्याला वाचवायला असतं. तुमी म्हणाल तर घर सोडतो. पण पोरीची मार्चची परीक्षा तेवढी होऊ द्या."

सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. मानसिंगरावांना त्या पोरीचा चेहरा आठवला आणि पुढच्या निवडणुकीतली मतंही आठवली. एका घराला दुखवणं सोपं! त्यांनी घसा खाकरला. "बहुमत जे म्हणेल..."

तोच दार ढकलून त्यांची बायको मुक्ताबाई आत आली. हारासकट तलवार तिनं टेबलावर ठेवली.

"अहो, हिचाबी निकाल लावा!"

"अगं, पूजेतली हलवलीस?"

"देव मला माफ करंल. ही दोन हात लांब, त्याचं वीतभर. आपल्या घरात हाय ती श्रद्धा, आन् त्याच्या कमरेला हाय ते हत्यार व्हय? त्याला घालवायचं तर पहिलं बोचकं मी आपलं बांधते!"

धनेशची मान खाली गेली. त्याच्याही घरी आज कोयता पूजेला मांडला होता.

मानसिंगराव मनापासून लाजले. आपण संख्येनं जास्त आहोत म्हणून आपलंच खरं वाटत होतं, एवढीच ती गोष्ट! ते उठून म्हणाले, "कुणी कुठं जाणार नाही. चूक माझी."

मंडळी, शेजारी एकटा असला की त्याच्याकडे खुलासा मागायला आपली जीभ चुरूचुरू चालते. तो खुलासा आधी आपल्या देव्हाऱ्यापुढे उभं राहून स्वतःकडे मागावा.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मानसिंगराव आपट्याची पानं घेऊन पहिल्यांदाच गुरमुखसिंगच्या दारात उभे राहिले. दार पोरीनं उघडलं.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," ते म्हणाले. "आणि बाळ, इथंच राहा."