अठ्ठावन्न टक्के

कोचच्या फुप्फुसांनी हात टेकले, तेव्हा पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. दुपारी वीज हमखास जायची, म्हणून त्यांच्या बायकोने गच्चीवर सौर पॅनल आणि जिन्याखाली मोठी बॅटरी बसवून घेतली. औषधांच्या दुकानात चाळीस वर्षं गोळ्या मोजलेली बाई ती. बॅटरीवरचा आकडाही ती तशीच डोळ्यांत तेल घालून बघायची.

पहिल्यांदा वीज गेली आणि मशीन चालूच राहिलं, तेव्हा कोच म्हणाले, "वा! आता मरायला निमित्तच उरलं नाही."

"जिभेला काही हाड?" ती म्हणाली, पण हसली.

दोन महिन्यांनी एकदा आभाळ दिवसभर गच्च भरून राहिलं. वीज सकाळीच गेलेली, पॅनलमधून जवळजवळ काही येईना. तीन वाजता व्हॉलीबॉलची फायनल होती. कोचनी घडवलेली एक मुलगी कॅप्टन होती.

"अगं, टीव्ही लाव ना."

"अठ्ठावन्नच टक्के उरलेत. वीज कधी येईल कोण जाणे."

"अर्धा तास तरी. तिची सर्व्हिस बघतो, मग बंद कर."

"हट्ट करू नका हो लहान मुलासारखा. श्वास महत्त्वाचा की मॅच?"

कोच भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

चार वाजता ती चहा घेऊन आली. मशीन चालू होतं, नळी नाकाशी नीट होती, आणि कोच गेले होते. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांना घराबाहेर नेण्याआधीच त्यांचा फोन वाजला. मागे टाळ्या, शिट्ट्या. "कोच, जिंकलो! बघितलंत ना?"

"बघितलं त्यांनी, पोरी," ती म्हणाली. "सगळं बघितलं."

पंधरा दिवसांनी बॅटरी बसवणारा मिस्त्री तपासणीला आला. बातमी ऐकून तो मान खाली घालून वायरी तपासत बसला. तिनेच विचारलं, "आमचा टीव्ही दोन तास लावला, तर किती बॅटरी जाते?"

"हा एवढासा टीव्ही? दोन टक्के. फार तर तीन. खुशाल लावत जा, काकू."

ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली.

"काकू? काय झालं?"

"तुझा नंबर बॅटरीवरच चिकटवलेला होता रे. एक फोन करून विचारलं असतं तर... शेवटची मॅच तरी बघून गेले असते ते."

मिस्त्रीला काय ते समजलं. पक्कड खाली ठेवून तो शेजारच्या पायरीवर बसला, आणि ती रडायची थांबेपर्यंत उठला नाही.