आतली सूज

भिवा तायडेला कधी ना कधी हार्ट अटॅक येणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्याचे वडील तिकडे गावी मलकापुरात तसेच गेले, थोरला भाऊही तसाच गेला. त्यात भिवाचं पोट सुटलेलं, तंबाखू तोंडात, आणि गाडीवर भजी दिसली की पाय आपोआप थांबायचे. सचिन नावाच्या गुजराती गावातल्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून तो घरी आला की बायको चंद्रभागा आधी त्याच्या शर्टाचा वास घ्यायची.

"खाल्ले ना भजे?"

"एकच खाल्लं वं."

"एकानं वास येते का येवढा?"

नवागाम वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत तेलाची बरणी तिनं वरच्या फळीवर ठेवली होती. भाजी जवळजवळ पाण्यावरच शिजायची, आणि ती स्वतःही तीच खायची. अंगानं काडीसारखी. वस्तीत एकदा तपासणीचं शिबिर झालं तेव्हा दोघांचं रक्त तपासलं. भिवाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं, तिचं अगदी व्यवस्थित. "पाहा," असं म्हणून तिनं त्याची तंबाखूची पुडी मोरीत टाकून दिली होती.

तिचं दुखणं होतं ते हातांचं. बोटांची पेरं सुजायची, लाल व्हायची, हात लावला तर गरम लागायची. सकाळी उठल्यावर मुठी वळत नसत. साड्यांवर खडे चिकटवायचं काम ती घरबसल्या करायची, ते सोडावं लागलं. मुलगी रूपाली कामावर जाण्याआधी आईची वेणी घालून द्यायची. हा संधिवात आहे, शरीर आपल्याच सांध्यांवर उठलंय, असं मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली होती. त्या गोळीनं मळमळायचं, केस गळायचे. चंद्रभागानं ती बंद केली आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खाऊ लागली. ती खाल्ली की तासाभरात बोटं हलायची. कुणी तिला अडवलं नाही. सांध्याच्या दुखण्यानं कुणी मरत नाही, असंच सगळे समजून होते.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या आठवड्यात तिला ताप येऊन गेला. ताप उतरला, पण सांधे असे भडकले की चहाचा कपही धरवेना. सणाच्या दिवशी सगळी गल्ली गच्च्यांवर होती. स्पीकर लागले होते, पतंग काटला की "काप्यो छे!" अशी आरोळी उठायची. चंद्रभागा मात्र घराच्याच दारात बसली होती. भिवाला सुट्टी होती. त्यानं चिक्की फोडून तिच्या पुढ्यात ठेवली.

"नोको. जबडा दुखून राह्यला."

"दाताचं असंन."

"दात नाई. इथून खांद्यात अन् पाठीत उतरून राह्यलं. वातच हाय. आता तिकडंही गेला."

भिवानं बाम लावला. तिनं आपली गोळी घेतली. पाठ चेपून देताना त्याला तिचा ब्लाउज ओला लागला, तेव्हा थंडीत एवढा घाम कसा, असं त्याच्या मनात आलं आणि निघूनही गेलं. दुपार झाली. रूपाली गच्चीवरून जेवायला खाली आली, तर आई भिंतीला टेकून बसलेली, चेहरा राखेसारखा, आणि समोर उलटी झालेली.

"पप्पा, रिक्षा बोलवा ने! हे वाताचं नाही!"

रिक्षात चंद्रभागाचं डोकं रूपालीच्या मांडीवर होतं. रिक्षावाला जीव तोडून चालवत होता, पण उधन्याच्या रस्त्यावर पोरं कटलेल्या पतंगामागे गाडीसमोर धावत येत होती. भिवा अर्धा बाहेर वाकून ओरडत होता, "बाजू! बाजू व्हा रे!" त्याचा आवाज स्पीकरात विरून जात होता.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली आणि लगेच तिला आत नेलं. हृदयाची मोठी नळी बंद पडली होती. हाताच्या शिरेतून तार घालून त्यांनी रक्ताची गाठ ओढून काढली, स्टेंट बसवला. संध्याकाळच्या उजेडात डॉक्टर बाहेर आल्या. गुजराती बाई होत्या, वयानं रूपालीएवढ्याच वाटत होत्या. त्या हिंदीत सावकाश बोलल्या, म्हणून भिवाला सगळं समजलं. जीव वाचला होता. पण नळी बराच वेळ बंद राहिल्यानं हृदयाचा पुढचा भाग निकामी झाला होता.

भिवाला एकच गोष्ट कळत नव्हती. "मॅडम, ती तेल खात नव्हती. तंबाखू नाही. तिची चरबी वाढलेली नव्हती. माझी वाढलेली आहे."

डॉक्टर बाकावर त्याच्या शेजारी बसल्या.

"काका, चरबी थोडीफार सगळ्यांच्याच नळ्यांत साचते. पण यांच्या अंगात किती वर्षं सूज आहे? ती फक्त बोटांत नव्हती. रक्ताबरोबर सगळीकडे फिरत होती. नळीच्या भिंतीला आतून सूज आली की चरबीवरचं आवरण पातळ होतं. एक दिवस ते फाटतं. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून ते रक्त गोठवून जखम बुजवायला धावतं. बोट कापल्यावर जे आपल्याला वाचवतं, तेच तिथं नळी बंद करतं. मागच्या आठवड्यातल्या तापानं त्यात भर घातली असेल."

"मग आम्ही काय करायला पाहिजे होतं?"

"सूज दाबून ठेवणारी ती आठवड्याची गोळी चालू राहिली असती, तर धोका कमी झाला असता. टळलाच असता, असं मी नाही म्हणणार."

रूपाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिवाला आपलं पोट, आपला श्वास, आपल्या छातीतले दणदणीत ठोके यांची लाज वाटू लागली.

चंद्रभागा घरी आली ती जिना चढताना दोनदा बसून. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याची गोळीही पुन्हा सुरू झाली, पण तिचा गुण यायला महिना-दोन महिने लागतील, असं सांगितलं होतं. आणि डॉक्टरांनी निक्षून बजावलं होतं: मेडिकलमधली ती दुखण्याची गोळी आता कधीच नाही. ती या हृदयाला मारक, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतली तर पोटात रक्तस्राव. त्या गोळीऐवजी दिलेल्या साध्या गोळीनं चंद्रभागाचं काहीच भागत नव्हतं.

फेब्रुवारीत बोटं पुन्हा फुगली. मग मनगटं, मग गुडघे. भिवानं रजा टाकली. गरम पाण्याचं घमेलं पुढ्यात घेऊन तो तिचे हात त्यात धरून बसायचा. एका दुपारी तिनं हात ओढून घेतले.

"मले ते गोयी आनून द्या. येकच."

"डॉक्टरीन नाई म्हणते."

"डॉक्टरीनचे हात दुखून राह्यले का? माहे दुखून राह्यले."

"तुह्या हृदयाले..."

"हृदय गेलं चुलीत! मले ते दिसत नाई. हे दिसते." तिनं सुजलेली बोटं त्याच्या तोंडासमोर धरली. मग रडूही लागली, पण रडताना धाप लागली, म्हणून रडणंही थांबवावं लागलं.

भिवा उठला. कोपऱ्यावरच्या मेडिकलसमोर जाऊन उभा राहिला. ओळखीच्या पोऱ्यानं हात आपोआप त्या पाकिटाकडे नेला. भिवा बाजूला सरकून उभा राहिला. गिऱ्हाइकं आली, गेली. शेवटी तो रिकाम्या हातानं परत आला.

"बंद हाय दुकान."

चंद्रभागानं दाराकडे पाहिलं. तिथून दुकानाचा अर्धा फलक आणि उघडं शटर दिसत होतं. तिनं तोंड फिरवलं.

होळीनंतर सूज थोडी उतरली. मूठ अर्धी वळू लागली. पुन्हा केलेल्या तपासणीत मात्र हृदय होतं तिथंच होतं, आणि तो भाग परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता तिला आडवं झोपवत नाही. पाठीशी उशा लावून ती बसल्या बसल्या डोळे मिटते. दुपारी भिवा घरी असला की तिच्याजवळ बसून राहतो. तिचा श्वास वर जातो, अडखळतो, खाली येतो. एकदा तिनं डोळे न उघडताच विचारलं, "काय पाहून राह्यले?"

"काही नाई," तो म्हणाला. आणि पाहतच राहिला, कारण दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं.